काढ्याचा चोथा

"महिना भरेपर्यंत डोक्यावरून पाणी घेऊ नकोस. वारं शिरलं की जन्मभर निघायचं नाही," असं सासूने बाळंतपणात बजावलं होतं. वेनचिंगने मान डोलावली आणि अठराव्या दिवशी न्हाणीघराचं दार लावून मनसोक्त न्हाऊन घेतलं. कॉलेजात चार वर्षं काढलेल्या बाईने वाऱ्याला काय भ्यायचं!

आज नऊ महिन्यांनी, ठणकणारं डोकं घेऊन ती मालिश करणाऱ्या आंधळ्या ग्वो मास्तरांच्या बाकावर पालथी पडली होती. मास्तरांचे अंगठे तिच्या कवटीच्या बुडाशी रुतले.

"आई गं!"

"ओरड, ओरड. शेजारच्या बाकावरचे आजोबा बहिरे आहेत."

"ऐकू येतं हो मला," आजोबा गुरगुरले.

बाहेर पायरीवर सासू नातीला खेळवत होती. मीली खदखदून हसली, तसे मास्तरांचे हात थांबले.

"पोर रडलं की आईची मान ताठते, हे रोजचंच. तुझी पोर हसल्यावर ताठते. का गं पोरी?"

वेनचिंगने बाकाच्या भोकात तोंड आणखी खुपसलं. काय सांगणार? की ते हसू कधी तिच्या वाट्याला येत नाही? तिने उचललं की मीली आजीकडे हात पसरते? एक तारखेपासून ऑफिस सुरू होणार. डोकं असंच राहिलं तर मीली तीन वर्षांची होईस्तोवर आजीबरोबर गावी जाणार. परगावी नोकरी करणाऱ्या नवऱ्याने हे फोनवरच ठरवून टाकलं होतं.

"काढा बदलून देतो. दहा दिवस चुकवू नकोस," मास्तर म्हणाले.

काढा सासूच उकळायची. वेनचिंग स्वयंपाकघराच्या दारातून डोळ्यांत तेल घालून बघायची. पाणी जास्त तर घालत नाही? मुद्दाम करपवत तर नाही? डोकं बरं न होण्यात कुणाचा फायदा, हे का तिला कळत नव्हतं!

सहाव्या सकाळी खिडकीतून पाहते तर सासू काढ्याचा चोथा गल्लीच्या ऐन मध्यावर ओतत होती. वेनचिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सून दुखणाईत आहे, पोर आजीच वाढवते, हे आता साऱ्या गल्लीला दाखवायचं! ती तरातरा जिना उतरली आणि दाराआड थबकली.

"कुणाचं दुखणं गं हे? मी नाही बाई तुडवायची!" म्हणत शेजारची याओबाई सायकल वळवून कडेने निघून गेली. सासू नुसती हसली. गल्लीत कुणी उरलं नाही, तशी ती स्वतःच त्या ओल्या चोथ्यावरून चालली. गेली, वळली, पुन्हा आली. मीलीला मात्र तिने आधीच दूर बांबूच्या खुर्चीत बसवलं होतं.

"आई, हे काय चालवलंय?"

"लोक शहाणे झालेत हल्ली, वळसा घालून जातात. कुणी तुडवून सोबत नेल्याशिवाय दुखणं जायचं कसं?"

"आणि तुम्हाला लागलं म्हणजे?"

"लागू दे की. मला कुठे ऑफिस आहे?" सासूने टाचेला चिकटलेली साल झटकली. "तुझं डोकं राहिलं तर पोरगी मला न्यावी लागेल. ती न्यायची नाही मला. तुझ्या नवऱ्याला मी असाच माझ्या आईकडे टाकून गिरणीत गेले होते. सहा वर्षांचा झाला तेव्हा परत आले, तर मला मावशी म्हणाला."

वेनचिंगला रडू यायला हवं होतं. पण आधी आला तो हेवाच. असल्या बाईच्या पुढे आपला काय पाड लागणार?

एक तारखेला सासू एकटीच बसने गेली. चार दिवस मीली रांगत दाराशी जाऊन बसायची. पाचव्या दिवशी पाळणाघरात रुळली. वेनचिंगचं डोकं एक तारखेआधीच हलकं झालं होतं. मास्तरांच्या अंगठ्यांनी, काढ्याने की आणखी कशाने, कोण जाणे.

आता व्हिडिओ कॉलवर सासू फोन असा धरते की तिची हनुवटीच तेवढी दिसते. विचारलं तर म्हणते, "माझ्या डोक्याला काय धाड भरलीय?"

तिच्या गावाकडे जाणाऱ्या प्रत्येकाला वेनचिंग सांगते, तेच तुम्हालाही सांगणं आहे. कधी गेलात तर पुलापलीकडच्या तिसऱ्या घरात डोकावून या. हाक मात्र मारू नका. हाक ऐकली की ती आधी कपाळाला बांधलेलं फडकं सोडून ठेवील, आणि मगच दार उघडेल.