तारामतीची ओवी

लातूर जिल्हा होऊन वर्ष झालं आणि त्या आनंदात कविसंमेलन ठरलं. विषय दुष्काळ. कवी अण्णारावांना दुष्काळ काही सुचेना. पंख्याखाली बसून आठ दिवस डायरी चाळली, तेव्हा कुणीतरी सांगितलं, प्रेरणा खेड्यात मिळते. मग स्वारी कुणाची तरी जीप घेऊन देवणीकडच्या रोजगार हमीच्या कामावर उतरली.

कोंडाबाई तिथं खडी फोडत होती. असली परीटघडीची माणसं तिनं बाहत्तरच्या दुष्काळातही पाहिली होती. यायची, हळहळायची आणि बायकांच्याच माठातलं पाणी पिऊन जायची.

"मावशी, ती रिकामी घागर डोक्यावर घेऊन उभ्या राहा बरं. काही सुचतंय का बघतो."

"रिकामी कशाला घिऊ? येडी हाय का मी?"

तिला त्याची शिसारी आली. अण्णाराव माठातलं पाणी पिऊन झाडाखाली बसले. थोड्या वेळानं कोंडाबाई त्यांना विसरली, आणि हातोड्याबरोबर गळा चालू झाला. एकीनं ओळ सोडायची, बाकीच्यांनी उचलायची, ही जात्यावरची रीत खडीवरही होती. तिनं तारामतीची ओवी सोडली. बाहत्तर साली अशाच कामावर तिनं तान्ह्या लेकीला, तारामतीला, बाभळीखाली निजवलं होतं. सावली सरकली, मुकादमानं उठू दिलं नाही, आणि पोर उन्हानं गेली. तिचा ना फोटो, ना झबलं. उरली ती एवढी ओवी.

डायरीवर पेन पळताना तिनं पाहिलं.

"काय लिवायलात?"

"प्रेरणा!"

"खोडा ते. माझ्या लेकीचं हाय."

"मावशी, आता ते सगळ्या जिल्ह्याचं झालं," म्हणत अण्णाराव जीपमध्ये चढले. कोंडाबाई जीपमागं पचकन थुंकली, पण जीव जळतच राहिला.

संमेलनाचा मांडव भरायला कामावरच्याच बायका ट्रकनं आणल्या. शाल पांघरून अण्णाराव उठले. माझी अगदी ताजी कविता, म्हणाले आणि डोळे मिटले.

"दगड फोडिते बाई, ऊन माथ्यावरी आलं..."

इथं ते वाहवासाठी थांबले. ओळ सोडून थांबलं की बायका काय करतात, हे त्या दीडशहाण्याला कुठलं ठाऊक? चाळीस गळ्यांनी सवयीनं ओळ उचलली.

"निजलेलं माझं लेकरू, सावलीसंगं गेलं."

अण्णाराव हात हलवून थांबा थांबा करू लागले. बायकांना वाटलं, साहेब ताल देतायत. आवाज आणखी चढला.

"सावली फिरून आली, वाट रोज पाहिली,
तारामती माझी लेक, कुठं गं राहिली."

डायरीत त्या नावाच्या जागी अण्णारावांनी 'मायभूमी' लिहिलं होतं. मांडवानं मात्र तारामतीचंच नाव ऐकलं.

कोंडाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि ती उभी राहिली.

"आता तुझं वाच," ती म्हणाली.

अण्णारावांनी पान उलटलं. पुढची डायरी कोरी होती.