फुगलेल्या पिशव्या

विल्बर टेम्पोवाला खोटारडा आहे. आधीच सांगून ठेवते.

आमच्या वेल्डिंगच्या दुकानासमोर टेम्पो थांबवला आणि खाली उतरायच्या आधीच सुरू. "आंदोलनवाल्यांनी रस्ता अडवला होता. पिल्लं मेली तर मला बोलायचं नाही."

मागे ट्राउट माशांच्या पिल्लांच्या पिशव्या, टम्म फुगलेल्या. युसेबिया मावशीनं आणि गल्लीतल्या बायकांनी तलावात जाळीचे पिंजरे बांधून ठेवलेत. पिल्लं गेली तर वर्षभर नुसते सुके बटाटे खायचे.

मी वाकून बघितलं. एका पिशवीतली सगळी उलटी. बाकीची पाण्यावर येऊन आ वासतायत.

"काका, यात ऑक्सिजन भरलाय ना?"

"मग काय माझा श्वास भरलाय? बघ की कशी फुगलीये!"

"टायरची हवा भरली तरी फुगते."

"शाळेतून पळालेली पोरगी मला शिकवणार!" आणि हसला. तेही पिल्लं घ्यायला आलेल्या बायकांसमोर. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

अरे, रोज ऑक्सिजनची नळी धरून लोखंड कापते मी! चुलीतली निलगिरीची काडी उचलली, ज्वाळा विझवली, टोक लालच ठेवलं. मेलेल्या पिल्लांची पिशवी सोडून काडी आत धरली. विझली. मग रिकाम्या पिशवीत आमच्या सिलिंडरमधला ऑक्सिजन घेतला, सिलिंडरपासून लांब जाऊन दुसरी काडी आत घातली. भप्प! पेटली.

"बघितलंत? याला म्हणतात ऑक्सिजन. याने पंक्चरवाल्याकडची हवा भरलीये!"

विल्बर टेम्पोकडे सटकला. पण युसेबिया मावशी आधीच चाकापुढे घागरा पसरून बसलेली. "जा ना," ती म्हणाली, "घाल अंगावर."

मी सिलिंडर ओढला तसा आमचा फोर्तुनातो मिस्त्री दुकानातून ओरडला, "अगं, तो लोखंडासाठी आहे! चर्चचं फाटक अडेल!"

"फाटक उद्यापर्यंत मरत नाही, मिस्त्री."

त्यानं तोंडातल्या तोंडात शिवी दिली. मग पाना स्वतःच आणून दिला.

पिशव्या धरायला मी विल्बरलाच उभा केला. दाबून जुनी हवा काढायची, नळी घालायची, भरायचं, रबर बांधायचं.

"हात दुखले गं," तो म्हणाला.

"घट्ट धर. सोडलीस तर नळी तुझ्या नाकात घालीन."

काका म्हणायचं मी बंद केलं होतं. पहिल्या पिशवीतली पिल्लं हळूहळू खाली गेली, पोहायला लागली. त्या एका पिशवीतली उलटी झालेली मात्र तशीच राहिली. ती पिशवी मावशीनं विल्बरच्या सीटवर नेऊन ओतली.