दाजींची राजेशाही गादी

क्रेनला लटकलेली लोखंडी तुळई हेलकावे खाताना दिसली आणि खाली उभ्या उस्तादनं मान वर करून केबिनकडे पाहिलं. क्रेनवर त्याचे दाजी होते. वॉकीटॉकीवर ओरडून फोरमनचा घसा बसला, पण वरून उत्तर नाही. उंच सांगाड्यावर दोन वेल्डर सुरक्षेच्या पट्ट्यांनी बांधलेले, तुळई बसवायला थांबलेले. तिचा एक फटका बसला असता, तर दोघंही संपले असते.

उस्ताद शिडीकडे धावला. तो सीटा शिवायचा. दाजींची पाठ दुखते म्हणून चार दिवसांपूर्वी त्यानंच क्रेनच्या जुन्या जाळीच्या सीटवर जाडजूड फोमची गादी चढवली होती. घामानं फोम कुजू नये म्हणून कापडाखाली प्लॅस्टिकचा कागदही घातला. स्वतःच्या अकलेवर काय खूश होता! रोज संध्याकाळी विचारायचा, "दाजी, गादी कशी?"

"एकदम राजेशाही!" दाजी म्हणायचे.

धापा टाकत तो केबिनमध्ये शिरला. दाजी लालबुंद, डोळे मिटत आलेले, एक हात क्रेनच्या दांड्यावर. पंखा तोंडावर वारा मारत होता, पण पाठ आणि मांड्या गादीत रुतलेल्या. उस्तादनं त्यांच्या पाठीमागे हात घातला आणि दचकून मागे घेतला. ओलंचिंब, कढत. आधी अंगाची धग जाळीतून निघून तरी जायची. या दीडशहाण्यानं माणसालाच गुंडाळून ठेवलं होतं.

"दाजी, उठा!"

"कसा उठू रे... ती पोरं आहेत तिकडं."

"मग नुसते पुढे वाका."

खिशातल्या कटरनं त्यानं स्वतःची शिवण टराटरा फाडली, फोम ओढून काढला, बाटलीतलं पाणी दाजींच्या मानेवर ओतलं. पाठीला वारा लागला. दाजींनी दीर्घ श्वास घेतला, डोळे पुसले. दांडा हळूच हलला. हेलकावे थांबले. तुळई इंचाइंचानं उतरली आणि जागेवर बसली. वेल्डरांनी हात वर केले.

"भाजतंय म्हणून सांगायचं नाही होय?" उस्ताद किंचाळला.

"तू एवढ्या हौसेनं शिवलीस," दाजी पुटपुटले. "तुझं मन मोडवेना."

चार दिवस हा माणूस त्याच्यासाठी निमूट शिजत राहिला होता. उस्ताद तिथंच खाली बसून लहान मुलासारखा रडायला लागला, आणि दाजीच त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.