अलिप्त म्हणजे काय हो?

माझी शिवण उसवली आहे आणि कसरीने पानांची चाळण केली आहे. तरी मित्रांनो, तुमच्याशी बोलण्यापुरते शब्द अजून शिल्लक आहेत. मी एका छापखान्यातला जुना शब्दकोश आहे.

मुद्रिते तपासणाऱ्या मास्तरांच्या टेबलावर माझी जागा होती. हात धुतल्याशिवाय ते मला उघडत नसत. ऱ्हस्व-दीर्घावरून वाद पेटला की कामगार म्हणत, "जाडोबांना विचारा!" मी सांगेन ते शेवटचे.

कागद कापण्याच्या यंत्रावर एक गप्पिष्ट माणूस होता. त्याला सगळे कटरदादा म्हणत. त्या यंत्राच्या पात्यापुढची जाळी तुटली होती. मास्तरांनी मालकांना तीनदा सांगितले. "बघू," मालक म्हणाले, तिन्ही वेळा. एका सकाळी पाते खाली आले आणि कटरदादाच्या उजव्या हाताची चार बोटे गेली. मास्तर धावले. तो हात त्यांनी पोटाशी धरला, तो दवाखान्यापर्यंत सोडला नाही.

चौकशी लागली. मालक मास्तरांच्या टेबलाशी येऊन बसले.

"मास्तर, निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. कशाला नसत्या भानगडीत पडता? 'जाळीचं मला काही माहीत नाही', एवढं तुम्ही लिहून द्या."

मास्तर खोटे लिहिणारे नव्हते. म्हणून त्यांनी मला उघडले. 'अंग काढून घेणे' यावर बोट ठेवले आणि चटका बसावा तसे उचलले. 'काढता पाय घेणे' इथे तर ते थांबलेही नाहीत. 'माघार' दोनदा वाचली. शेवटी 'अलिप्त' सापडला. पाण्यात राहून न भिजणाऱ्या कमळाच्या पानाचा दाखला त्याच्यापुढे दिलेला. मोठा सोज्ज्वळ शब्द! मास्तरांनी वळणदार अक्षरात लिहिले, 'या प्रकरणापासून मी अलिप्त आहे.'

दोष कटरदादाच्या निष्काळजीपणावर गेला. नोकरीही गेली.

चार दिवसांनी त्याची बायको आली. उभ्या उभ्याच म्हणाली, "भाऊ, तुमचा कागद चौकशीच्या साहेबांनी वाचून दाखवला. अलिप्त म्हणजे काय हो?"

 सवयीने मास्तरांनी मला उघडले आणि मान खाली घालून वाचले, "न माखलेला. दूर राहिलेला."

"न माखलेला?" ती म्हणाली. "तुमचा त्या दिवशीचा सदरा मी धुतलाय, भाऊ. तीन पाण्यांतून काढला, तरी डाग गेला नाही."

ती निघून गेली. मास्तरांनी मला मिटले ते कायमचेच. पुढे मुद्रितांतल्या चुका ते तशाच जाऊ देत. डबा एकटे खात. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार घालून घेतला आणि मला तिथेच सोडून गेले. माझी रवानगी गोदामात झाली. कटरदादाला पुन्हा कुठे काम मिळाले नाही, एवढे हमालांच्या बोलण्यातून कळले. आता तो कुणाशी बोलत नाही म्हणे.

मित्रांनो, पुस्तके जपा असे मी सांगायला हवे. पण कसरीबद्दल माझी तक्रार नाही. नडलेल्या माणसापासून लपायला मात्र माझ्या पानांत येऊ नका. जो मागेल त्याला मागेल तो शब्द मी देतो. मला नकार देता येत नाही. चौकशीत मास्तरांना फक्त एवढेच विचारले होते, जाळी तुटलेली होती का? 'हो' म्हणायला शब्दकोश लागत नाही.