उलटा बांधलेला मासा

विष्णुपंतांनी शाळेच्या प्रयोगशाळेतली मेणानं बंद केलेली बरणी दोन्ही हातांनी उचलली, खिडकीशी नेली आणि सावकाश उलटी केली.

काचपट्टीला आडवा बांधलेला काळपट, सडपातळ मासा उजेडात आला. पाठीवर वाटणारे ठिपके पोटाकडे गेले. खोल समुद्रातल्या अंधारात तेच उजेड देतात. डोक्यावरचा धागा हनुवटीखाली लोंबू लागला. नातवाच्या मासिकातल्या चित्रात होता, अगदी तसाच.

चिठ्ठीवर त्यांचं अक्षर होतं : ‘अँगलर मासा. ओळखणारे : वि. ग. देव.’

अँगलरचा धागा डोक्यावर असतो, पण अंगानं तो चेंडूसारखा गोल. हनुवटीखाली धागा असतो तो ड्रॅगन मासा. निवृत्तीपर्यंत प्रत्येक वर्गाला त्यांनी हा मासा उलटाच शिकवला होता.

“तुला माहीत होतं,” ते म्हणाले.

कुंदा टेबल पुसत होती. एकेकाळची त्यांची विद्यार्थिनी आता इथंच जीवशास्त्र शिकवायची. आज मुलांशी बोलायला तिनंच त्यांना बोलावलं होतं.

“हो सर.”

“मग चिठ्ठी काहून नाही बदलली?”

“तुमच्या हातची होती ना.”

अकरावीत तिनं वहीत मासा सरळ करून काढला होता. ‘सर, ठिपके पोटाकडे असतात ना? मग हा उलटा बांधलेला दिसून राहिला.’ विष्णुपंतांनी पानभर लाल फुली मारली होती. ‘अच्छा! आपल्या रांझी गावात समुद्र केव्हापासून आला गं?’ सगळा वर्ग हसला होता. प्रॅक्टिकलच्या तासाला ती पुन्हा कधी काही बोलली नाही.

मुलं आत आली. पुढच्या बाकावरच्या मुलीनं बरणी पाहून विचारलं,

“सर, आपने समंदर देखा है?”

विष्णुपंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“नहीं बेटा. आज तक नहीं.”

कुंदाच्या हातातलं फडकं थांबलं.

त्यांनी तिच्याकडून कोरी चिठ्ठी मागून घेतली. अक्षर वर्गातल्यासारखंच वळणदार आलं : ‘ड्रॅगन मासा.’ खाली ‘ओळखणारे’ लिहून ते थांबले. मग लिहिलं : ‘कु. कुंदा वानखेडे, इयत्ता अकरावी, १९७१.’

कुंदानं चिठ्ठी वाचली. डिंकाची बाटली त्यांच्यापुढे सरकवली आणि मुलांकडे पाठ करून ती बराच वेळ कोरा फळा पुसत राहिली.