पाटीमागचे डाग

सून आपल्या नाकाकडे बघते, हे सासरेबुवांच्या पहिल्यांदा लक्षात आलं ते जेवताना. मग ती भुवयांकडे बघू लागली. वर्षभरात जी मान वर करून धड चार वाक्यं बोलली नव्हती, तिला एकाएकी सासऱ्याच्या चेहऱ्यात एवढं काय सापडलं? कुठेतरी पाणी मुरत होतं.

निमित्त होतं खेळाच्या कपाटाचं. उभ्याने खेळायचा, दांडा आणि बटणं असलेला व्हिडिओ गेम घरात हवा, ही मुलाची जुनी हौस. त्याने प्लायवूड कापून माणसाच्या उंचीचं कपाट उभं केलं, आत पडदा बसवला आणि उरलेलं दोघांच्या गळ्यात घालून तो कामासाठी परगावी निघून गेला. चित्रं बायकोने काढायची, दिवे बापाने लावायचे. वाटणी चोख होती. सून पोस्टर रंगवणारी, आणि सासरेबुवांचा जन्म दुकानांच्या पाट्यांमागे दिवे बसवण्यात गेलेला.

दोघांना बोलतं करायचा हा मुलाचा डाव आहे, हे न कळण्याइतके सासरेबुवा भोळे नव्हते. मनातून ते हरखलेही होते. मुलगी कधीपासून "माझ्याकडे राहायला या" म्हणत होती, पण त्यांचा जीव याच घरात होता. फक्त सुनेला आपण हवे आहोत की नुसते चालतो, एवढं एकदा कळायला हवं होतं.

सुरुवात झकास झाली. बाजूच्या फळ्यांवरची डोंगरदऱ्यांची चित्रं दोघांनी मिळून चिकटवली. "बाबा, इथून दाबत या, बुडबुडा राहील," ती म्हणायची आणि ते आज्ञाधारकपणे दाबत जायचे. पण कपाटाच्या माथ्यावरची, आतून उजळणारी दुधी पाटी रंगवायला घेतली तशी ती दार लावून बसू लागली. सासरेबुवा डोकावले की पाटीवर चादर. वर "झाल्यावर बघा ना" हे होतंच. आणि एका दुपारी दाराआडून तिचं फोनवरचं बोलणं कानावर आलं.

"आई, हुबेहूब आलाय गं. नाक तर असं जमलंय, कोणीही ओळखेल." मग हसणं.

ती स्क्रू आणायला बाहेर पडली, तेव्हा सासरेबुवांनी नको नको म्हणत चादर उचलली.

गुहेच्या तोंडाशी एक राक्षस. दोन्ही हात वर उगारलेले, पायाशी एक चिमुरडी. राक्षसाचं नाक वाकडं, भुवया झुडपासारख्या, कानामागे पेन्सिल. सासरेबुवांना आरसा आणायची गरज पडली नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे खाली मान घालून वर्षभर ही आपल्याला असं बघत होती तर.

त्यांनी पाटी उलटली. मागच्या बाजूला करड्या रंगाचे मोठेमोठे डाग. दुसऱ्या कोणाला सांडलेला रंग वाटला असता. सासरेबुवांना तसं वाटणं शक्यच नव्हतं. दुधी पाटीच्या मागे काढलेलं पुढून दिसत नाही, आणि मागे दिवा लागला की दिसल्यावाचून राहत नाही. म्हणजे उजेडात अजून काहीतरी बाहेर यायचं होतं. शिंगं असतील, सुळे असतील. पुढून हसून भागलं नाही म्हणून ही मागूनही हसणार. पाटी खिडकीशी धरली असती तर तेव्हाच उलगडा झाला असता. त्यांनी धरली नाही. चिंधी स्पिरिटमध्ये बुडवली आणि मागची बाजू लख्ख पुसून काढली.

संध्याकाळी सासरेबुवांनी सुनेकडे न बघताच पाटी बसवली. दिव्यांची पट्टी मात्र नेहमीच्या सफाईने लावली. सुनेने खोलीतला दिवा मालवला.

"बटण तुम्हीच दाबा, बाबा."

उजेड पडला. राक्षस आणखीच उग्र दिसू लागला. सुनेने स्टुलावर चढून पाटीमागे हात घातला.

"मागे रंग होता."

"डाग होते. पुसले मी."

"दगड होते ते." तिचा आवाज खाली आला. "गुहेचं छत कोसळत असतं. दिवे बंद असताना वाटतं, हा तिला मारायला उठलाय. दिवे लागले की कळतं, त्याने सगळे दगड हातांवर तोलून धरलेत. ती बाहेर पडेपर्यंत."

सासरेबुवांनी पाटीकडे पाहिलं. वर उचललेले तळवे रिकामे होते.

"म्हटलं, ही गंमत या घरात बाबांनाच कळेल," ती म्हणाली. "खरंच डाग वाटले?"

हो म्हणणं सोपं होतं. वय, डोळे, काहीही पुढे करता आलं असतं. पण त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की खोटं बोलवेना.

"नाही. चित्र आहे हे कळलं होतं. माझी टर उडवली असशील, असं वाटलं."

ती स्टुलावरून उतरली. चिडली असती तर बरं झालं असतं.

"दगड काय, पुन्हा काढेन मी. पण बाबा, मी तुमची टर कधी उडवली होती?"

सासरेबुवा आठवू लागले. लग्नानंतरचा एकेक दिवस त्यांनी उलटून पाहिला, आणि एकही प्रसंग हाती लागेना. तरी ते आठवतच राहिले, कारण थांबले असते तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं.