आंबर्डेकर मास्तरांचे सत्तेचाळीस सामने

आंबर्डेकर मास्तरांचा पहिला सामना मी खोडला त्या दुपारी आमच्या कॉलेजचं मैदान पाच पावलांनी आखूड झालं. मैदानावरचे शिपाई ज्योतिराम चुन्याच्या फक्कीने रेघा मारत होते, त्यांच्या ते आधी लक्षात आलं. रोज पुरी लागणारी फक्की डब्यात उरली होती. कुठल्या बाजूने आखूड झालं, असं मी विचारलं. दोन्ही टोकं जशीच्या तशी आहेत, मधलं गेलंय, असं त्यांनी सांगितलं आणि ते डबा ठेवायला गेले.

मी कॉलेजची ग्रंथपाल. कॉलेजला शंभर वर्षं होत होती, त्यानिमित्त स्मरणिका निघणार होती आणि तिच्यात पहिले क्रीडाशिक्षक गोविंद बळवंत आंबर्डेकर यांच्यावर लेख हवा होता. प्राचार्य नेर्लेकर सरांनी तो माझ्याकडे दिला. फार खोलात जाऊ नका, जुन्या अहवालात सगळं आहे, असं ते म्हणाले होते. एकोणीसशे सदतीसच्या अहवालात खरोखरच सगळं होतं. मास्तरांनी खो-खोचा संघ उभा केला, चार वर्षांत सत्तेचाळीस सामने खेळवले आणि सत्तेचाळीसही जिंकले. खाली सामन्यांची तारीखवार यादी होती. पुढच्या वर्षीच्या अहवालात मास्तरांचं नाव नव्हतं.

चैत्रात माझी आई गेली होती. तेव्हापासून मला कुठल्या कामाचा कंटाळा येत नव्हता आणि कुठलं आवडतही नव्हतं, त्यामुळे हे मी नीट केलं. यादीतली प्रत्येक तारीख घेऊन जुनी वर्तमानपत्रं पाहिली, प्रतिस्पर्धी कॉलेजांना पत्रं लिहिली. पहिलं उत्तर आलं, त्या साली आमचं कॉलेज निघालंच नव्हतं. मी यादीच्या नकलेवर लाल पेन्सिलीने रेघ ओढली. दुसरं उत्तर आलं, त्या महिन्यात प्लेगमुळे कॉलेज बंद होतं. मी दुसरी रेघ ओढली. मैदान आणखी पाच पावलं कमी झालं.

ज्योतिराम रोज मोजत. मुळात ते दोनशे बत्तीस पावलांचं होतं. वीस सामने गेल्यावर धावपट्टीची दोन्ही वळणं एकमेकांना टेकली आणि मुलं जागच्या जागी गोल धावू लागली. भालाफेकीचा भाला पलीकडे कुमुदताईंच्या ओट्यावर जाऊन पडू लागला. त्या तो भिंतीला उभा करून ठेवत. कुणी तक्रार केली नाही.

कुमुदताई म्हणजे मास्तरांची मुलगी. वय एक्क्याण्णव. मैदानाच्या पूर्वेच्या कडेला त्यांचं बैठं घर होतं आणि पश्चिमेच्या कडेला आमचं ग्रंथालय. आधी त्यांचं घर माझ्या खिडकीतून काडेपेटीएवढं दिसायचं. तीस सामने खोडल्यावर ओट्यावरची वेताची खुर्ची दिसू लागली. छत्तीस झाल्यावर त्यांचा आवाज ऐकू आला. मी रोज खिडकीत बसून काय करते, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तुमच्या वडिलांचे सामने तपासते. किती राहिले, त्यांनी विचारलं. अकरा, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि शेंगा सोलायला घेतल्या.

सेहेचाळिसावा खोडल्यावर त्या ओट्यावरून खिडकीत चहा देऊ लागल्या. मी बशी घेण्यासाठी हात पुढे केला की त्यांची बोटं लागत. आईच्या बोटांसारखी ती गार होती. त्यावर मला काही वाटेल म्हणून मी थोडा वेळ थांबून पाहिलं. चहा निवला.

मास्तरांचं मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. कॉलेज सोडल्यावर ते टपाल कचेरीत पत्रं निवडायला लागले. सत्तावीस वर्षं ते काम केलं. मैदान दारासमोर असून त्यांनी त्यात पाऊल टाकलं नाही. मैदानाकडच्या खिडक्यांना त्यांनी स्वतः खिळे ठोकले होते. ते वारल्यावर कुमुदताईंनी ते पक्कडीने उपटले.

मैदान आता दोन पावलांचं उरलं होतं, वर थोडं. नेर्लेकर सर ग्रंथालयात आले. त्यांना खिडकीबाहेर लगेच ओटा दिसला. ते कुमुदताईंना नमस्कार करून माझ्यासमोर बसले.

"मॅडम, ह्या रेघा पुसता येतील का?"

मी त्यांच्यासमोर खोडरबर घेऊन सेहेचाळिसावी रेघ पुसली. रेघ गेली. तिच्याबरोबर रेघेखालची नोंदही गेली आणि कागदाला भोक पडलं. भोकातून टेबल दिसत होतं. सरांनी बोट घालून पाहिलं.

शेवटचा सामना चौदा फेब्रुवारी एकोणीसशे सदतीसचा होता. प्रतिस्पर्धी कॉलेजचं उत्तर त्याच सकाळी आलं होतं. त्यांच्या नोंदवहीत एवढंच होतं, की सामना झाला आणि निकाल लागला नाही. मी ते मोठ्याने वाचलं. ओट्यावर कुमुदताईंचे शेंगा सोलणारे हात थांबले.

त्यांनी जे सांगितलं ते असं. बाबांनी आयुष्यात एकच सामना खेळवला, तो हा. संघ नवा होता. त्यात मुरलीधर इंगवले नावाचा इंटरचा विद्यार्थी होता, पळण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याला चार दिवस ताप होता. बाबांनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिलं आणि त्याला मैदानात उतरवलं. शेवटची दोन मिनिटं राहिली असताना तो एकटाच उरला होता. तेवढा वेळ तो बाद झाला नाही, तर सामना आपला होता. कुमुदताई तेव्हा सहा वर्षांच्या होत्या आणि दोरीपाशी बसल्या होत्या. पाठलाग करणाऱ्याने हात लांब केला, आणि तो हात लागायच्या आत इंगवले खाली पडला. लागला की नाही, पंचांना सांगता येईना. बाबा धावत गेले.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"ऊठ म्हणाले. तीनदा म्हणाले. चौथ्यांदा म्हणालेच नाहीत."

मग त्या वेळच्या प्राचार्यांनी अहवाल लिहायला घेतला. सबंध चार वर्षांत एकच सामना आणि त्यात एक मुलगा गेलेला, हे कसं दिसेल? म्हणून त्याच्या आधी सेहेचाळीस विजय लिहिले गेले, आणि हा सत्तेचाळिसावा त्यांच्यात बसवला. बाबांना सही करायला बोलावलं. त्यांनी सही केली आणि तिथेच राजीनामाही लिहून दिला. इंगवल्यांच्या घरी विषमज्वराने गेला असं कळवण्यात आलं.

नेर्लेकर सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, निकालच नाही म्हणजे सामना सिद्ध होत नाही. हाही खोडून टाका. मास्तरांवर चार ओळी लिहू, शिस्तप्रिय होते वगैरे, आणि स्मरणिका छापायला जाऊ दे. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना तारीख गाठायची होती.

"खोडलात तर तो पडेल कुठे?" कुमुदताई म्हणाल्या.

मी खाली पाहिलं. ओटा आणि ग्रंथालयाची भिंत यांच्यामध्ये उरलेल्या मातीवर एक तरुण पालथा पडला होता. आखूड चड्डी, पाठीला चिकटलेला सदरा. डोकं एका टोकाला टेकलं होतं, पाय दुसऱ्याला. मैदान बरोबर त्याच्याएवढं होतं. त्याच्या मानेवरचा घाम अजून ओला होता. कुमुदताई खुर्चीतून उठल्या आणि ओट्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. त्यांना खाली उतरता येण्याइतकी जागा नव्हती.

"श्वास आहे का बघा," त्या मला म्हणाल्या. "तेव्हा कुणी बघितलंच नाही. सगळे निकालच विचारत होते."

मी सरांना सांगितलं, की मी हा सामना खोडणार नाही. लेखात एकच सामना असेल आणि त्यात इंगवल्याचं नाव असेल. त्यांनी यादीची नक्कल स्वतःकडे ओढली. मी खुर्ची सरकवली, खिडकीच्या गजांमधून खांद्यापर्यंत हात बाहेर काढला आणि त्याच्या पाठीकडे नेला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला घाई झाली होती.

त्याने मान वळवली. त्याचे डोळे तापाने लाल होते. त्याने माझा चेहरा पाहिला नाही, फक्त येणारा हात पाहिला, आणि तो झटक्यात उठून उभा राहिला. त्याला पळायला कुठेच जागा नव्हती. तो ओट्याला छाती टेकवून, श्वास रोखून, जितकं बारीक होता येईल तितका बारीक झाला. माझा हात त्याच्या पाठीपासून वीतभर लांब होता. तो मागे घ्यावा म्हणून मी ओढला, पण दंड गजांमध्ये घट्ट बसला होता.

माझ्या मागे, टेबलावर, नेर्लेकर सरांनी लाल पेन्सिल उचलली.